समान काम, वेगळा पगार: फरक नेमका कुठल्या ओळीत आहे?

पगारपत्रकावर ‘बाई आहे म्हणून कमी’ असे कुठेही छापलेले नसते. तो फरक पदाच्या नावात असतो, वाढीच्या टक्क्यात असतो, तासांच्या हिशोबात असतो, कधी पैसे कोणाच्या हातात पडतात यात असतो. यावेळच्या पत्रांना उत्तरे देताना आम्ही आधी ती जागा शोधली आहे आणि मग उपाय सांगितला आहे. उत्तरे कामगार कायद्याचे काम करणारे वकील आणि पगाररचनेचे सल्लागार यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या कारखान्यात वायरिंग जोडणीच्या लाइनवर बायका आणि पुरुष शेजारी शेजारी उभे राहून काम करतात. त्यांच्या कार्डावर ‘ऑपरेटर’, आमच्या कार्डावर ‘हेल्पर’. महिन्याला साडेतीन हजारांचा फरक आहे. सुपरवायझर म्हणतात, पद वेगळे तर पगार वेगळा. आम्हाला काही करता येईल का? (चाकण)

करता येईल. कायदा कार्डावरचे पद बघत नाही, हातातले काम बघतो. १९७६ चा समान मोबदला कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिची कसोटी अशी : कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी लागत असेल, कामाची परिस्थिती सारखी असेल आणि उरलेला फरक व्यवहारात किरकोळ असेल, तर ते ‘समान स्वरूपाचे काम’. अशा कामाला एकाच मालकाकडे बाई आणि पुरुष यांना वेगळा दर देता येत नाही.

पदाचे नाव पुढे करण्याचा बचाव जुना आहे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत साहेबांकडे काम करणाऱ्या महिला लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार मिळत होता. कंपनी म्हणाली, या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ आहेत, त्यांचा वर्ग वेगळा. शिवाय युनियनशी तसा करार झाला आहे आणि वाढीव पगार आम्हाला परवडणार नाही. १९८७ साली त्यांच्यापैकीच ऑड्री डिकोस्टा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यातले काहीही मान्य केले नाही. पंचवीस-तीस वर्षे जुने युनियनचे करार दाखवून आजही बायकांना गप्प केले जाते, म्हणून हा निकाल नावानिशी लक्षात ठेवा.

आता पुराव्याचे. चार आठवडे एक वही ठेवा. रोज तारीख, शिफ्ट, स्टेशन क्रमांक, पार्ट क्रमांक, किती नग झाले आणि त्याच स्टेशनवर दुसऱ्या शिफ्टला कोण होते, एवढेच लिहा. पहिल्या शिफ्टला ज्या स्टेशनवर ‘ऑपरेटर’ पुरुष, दुसऱ्या शिफ्टला त्याच स्टेशनवर ‘हेल्पर’ बाई, आणि नगांचे टार्गेट दोघांना एकच, ही नोंद सगळ्यांत भक्कम. सोबत वेतनचिठ्ठ्या जपा. वेतनचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे.

केस कुठे फसते तेही सांगायला हवे. तो पुरुष मशीनचे सेटिंग करत असेल, तयार माल तपासून सही करत असेल, फोर्कलिफ्ट चालवत असेल, तर मालक जबाबदारीतला फरक दाखवेल. हे काम दिवसाला किती वेळ चालते ते वहीत लिहा. शिफ्टच्या सुरुवातीला वीस मिनिटे सेटिंग आणि बाकी वेळ तुमचेच काम, तर त्या वीस मिनिटांवर साडेतीन हजार उभे राहत नाहीत. आयटीआयचे प्रमाणपत्र दाखवले, तर त्या स्टेशनच्या कामाला ते खरोखर लागते का, हे विचारा. दुसरा अडथळा ठेकेदाराचा. पुरुष कंपनीच्या हजेरीवर आणि बायका ठेकेदाराच्या, अशी विभागणी असेल तर ‘एकच मालक’ या अटीवर वाद होतो. मग कंत्राटी कामगारांच्या नियमांचा आधार घ्यावा लागतो आणि वकील किंवा युनियनशिवाय पुढे जाऊ नये.

आधी एचआरला लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. उत्तर आले नाही किंवा गोल गोल आले, तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. दावा तुम्ही स्वतः करू शकता, युनियन करू शकते, अनेकजणींचा एकत्र अर्जही चालतो. मुदत ३ वर्षांची आहे. दरमहा ३,५०० म्हणजे ३ वर्षांचे १,२६,००० रुपये, आणि पुढे जितके महिने थांबाल तितके मागचे महिने हातचे जातील. पगार कमी दिल्याचा दावा असेल तेव्हा पूर्ण दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, आणि फरकाच्या वर दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे.

लाइनवरच्या पुरुष सहकाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा : बरोबरी करण्यासाठी त्यांचा पगार खाली आणायला कायद्याने मनाई आहे. बहुतेक जण याच भीतीने साक्षीला उभे राहत नाहीत.

प्रश्न : माझ्यासोबत, त्याच टीममध्ये, त्याच कॉलेजमधून लागलेल्या सहकाऱ्याचा सीटीसी (कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) १५ लाख आहे, माझा १२ लाख. एचआर म्हणते, ‘तू जॉइन होताना कमी मागितलेस, आणि पॅकेजची चर्चा करणे कराराविरुद्ध आहे.’ (हिंजवडी, पुणे)

सीटीसीवर भांडू नका, हरण्याचा धोका मोठा आहे. आधी दोन्ही आकडे सोलून घ्या. समजा त्याच्या १५ लाखांत जॉइनिंग बोनस १ लाख (एकदाच मिळणारा), व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारी रक्कम) दीड लाख, कंपनीच्या वाट्याचा पीएफ ७२,००० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद २८,८६० आहे. मूळ पगार महिना ५०,००० धरला तर पीएफ त्याच्या १२ टक्के आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, असे हे आकडे येतात. राहिला पक्का पगार ११,४९,१४०. तुमचा मूळ पगार ४०,००० आणि व्हेरिएबल १,२०,००० असेल, तर पीएफ ५७,६०० आणि ग्रॅच्युइटी २३,०८८ वजा जाता पक्का पगार ९,९९,३१२. वरवर दिसणारा २० टक्क्यांचा फरक प्रत्यक्षात १३ टक्क्यांचा, म्हणजे वर्षाला साधारण दीड लाखाचा निघतो. मागायचा तो हा दीड लाख. तीन लाख मागितलेत, तर एचआर जॉइनिंग बोनस दाखवून सगळीच मागणी निकालात काढेल.

त्याची वेतनचिठ्ठी किंवा स्क्रीनशॉट मेलला जोडू नका. गोपनीयतेचे कलम मोडल्याचा ठपका तुम्हा दोघांवर येईल आणि मूळ विषय बाजूला पडेल. मेलमध्ये तीनच प्रश्न विचारा : माझ्या ग्रेडचा किमान, मधला आणि कमाल पक्का पगार किती? त्या पट्ट्यात मी कुठे आहे? याच ग्रेडमध्ये, सारख्या अनुभवाच्या आणि सारखे रेटिंग मिळालेल्या पुरुषांच्या तुलनेत माझी जागा खाली असेल तर त्याचे कामाशी संबंधित कारण काय? पट्टा विचारणे म्हणजे सहकाऱ्याचा पगार विचारणे नव्हे.

‘तू कमी मागितलेस’ हे कामाचे कारण नाही. कायद्याच्या कसोटीत कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी आहे, घासाघीस कुठेही नाही. आयटीतल्या अनेकजणींना वाटते की हा कायदा फक्त कामगारांचा. वेतन संहितेतल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदेही आहेत, तेव्हा मॅनेजर झालात म्हणून हक्क जात नाही.

मेल कधी पाठवता यालाही महत्त्व आहे. वाढीचे बजेट बहुधा अप्रेझलच्या (वार्षिक मूल्यमापनाच्या) पत्राआधीच ठरते. पत्र हातात आल्यावर विचारले की ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर तयार असते. आणि नोकरी बदलताना जुना पगार विचारला, तर जुन्या आकड्यावर टक्के लावू देऊ नका. पदाचा पट्टा विचारा आणि त्यातला आकडा सांगा. आधीच्या ठिकाणी कमी मिळालेला पगार अशाच टक्केवारीतून जन्मभर सोबत येतो.

प्रश्न : २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेनंतर परतले. ‘अर्धे वर्ष काम नाही, म्हणून रेटिंग नाही, म्हणून वाढ नाही’ असे सांगितले. पगार ४५,००० आहे. हे चालते का? (ठाणे)

रजेमुळे सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत, हे मातृत्व लाभाच्या कायद्यात स्पष्ट आहे. कंपनीला रेटिंग द्यायचेच असेल, तर जेवढे महिने काम झाले त्यावर द्यावे. रजेआधीच्या सहा महिन्यांचे काम पुसले जात नाही. ते शक्य नसेल तर मागच्या वर्षीचे रेटिंग किंवा टीमची सरासरी वाढ लावावी. बऱ्याच कंपन्यांच्या धोरणात यातले काहीतरी आधीच लिहिलेले असते, फक्त मॅनेजरने ते वाचलेले नसते. एचआरकडे धोरणाची प्रत मागा.

‘एकाच वर्षाचा तर प्रश्न आहे’ असे कोणी म्हणाले, तर हा हिशोब समोर ठेवा. ८ टक्के वाढ चुकली म्हणजे महिन्याला ३,६०० गेले. पुढची प्रत्येक वाढ त्या कमी झालेल्या आकड्यावर बसते. दरवर्षी ८ टक्केच धरले, तरी १० वर्षांत सुमारे ६ लाख २६ हजारांचे नुकसान, आणि त्यावरचा पीएफ वेगळा. स्त्री-पुरुषांच्या पगारातली दरी वयाबरोबर रुंदावते, त्यात अशा चुकलेल्या वाढींचाही वाटा असतो.

प्रश्न : आमच्या गावात बाईला ३०० रुपये रोज, गड्याला ५००. शेतकरी म्हणतात, गड्याचे काम जड असते. (परभणी जिल्हा)

आधी तास मोजा. बाया दहा ते पाच आणि गडी आठ ते पाच असतील, तर बाईचे तासाला ४३ रुपये होतात आणि गड्याचे ५५-५६. दोनशेचा सगळा फरक भेदभावाचा नाही, पण तासामागचे बारा-तेरा रुपये तरीही उरतात. शेतमजुरीचे सरकारी किमान वेतन परिमंडळाप्रमाणे ठरते, बाई-पुरुष असा फरक त्यात नाही. ‘बाईचा रोज’ नावाचा दर कायद्याच्या पुस्तकात नाही.

अडचण अशी, की शेतीत कामेच वाटलेली आहेत. खुरपणी, वेचणी, लावणी बायांकडे, औत आणि फवारणी गड्यांकडे. एकच किंवा समान स्वरूपाचे काम दोघांनी केले, तरच कायद्याला तुलना करता येते. वाकून सात तास खुरपणे हे ‘हलके’ कोणी ठरवले, हा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे. कापूस वेचणीत मजुरी किलोवर असते, तिथे वजनकाटा बाई-पुरुष बघत नाही. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यातही कामाचे मोजमाप करून दोघांना एकच दर, हेच तत्त्व होते.

म्हणून रोजापेक्षा उक्ते किंवा गुत्त्याने, म्हणजे पूर्ण कामाची एक रक्कम ठरवून, काम घेणे बायांच्या फायद्याचे ठरू शकते. एक एकर सोयाबीनच्या खुरपणीला रोजाने दहा बाया लागतात, म्हणजे शेतकऱ्याचे ३,००० जातात असे समजा. तेच काम आठजणींनी ३,५०० ला उक्ते घेऊन दिवसात संपवले, तर प्रत्येकीला ४३७ पडतात; शेतकऱ्याचे ५०० जास्त जातात, पण रोजाने आठजणींना लागला असता तो दुसरा दिवस वाचतो. हे फसते ते दोन कारणांनी. रान न बघता दर ठरवतात, आणि दोन पाऊस पडून गेले की तण दुप्पट झालेले असते. दर नेहमी बांधावर उभे राहून ठरवा. दुसरे, क्षेत्र अंदाजाने धरतात. एकर म्हणजे ४० गुंठे, पण ‘एकरच आहे’ म्हणून सांगितलेले रान ४८ गुंठे निघाले, तर तुमची सहावा हिस्सा मजुरी बुडाली. सातबारा बघा किंवा मोबाइलवर मोजा. गटातली म्हातारी बाई हळू चालते म्हणून तिला वगळू नका. तिचा वाटा किती, हे काम घेण्याआधी ठरवा.

प्रश्न : माझे छोटे पॅकिंग युनिट आहे. बायका सहा तास देतात, पुरुष आठ. महिना २६ दिवसांचा, बायकांना १७,००० आणि पुरुषांना २६,०००. मग पगार कमी असणारच ना? उगाच आमच्यावर भेदभावाचा आरोप का? (नाशिक)

तुमचेच आकडे मांडून बघा. पुरुष महिना २६,०००, आठ तास, २६ दिवस : तासाला १२५ रुपये. बाई महिना १७,०००, सहा तास, २६ दिवस : तासाला १०९. महिन्याच्या पगारात फरक ३४.६ टक्के, त्यातला मोठा भाग तासांचा, तो समजण्यासारखा आहे. पण तासाच्या दरातही १२.८ टक्के फरक उरतो. तिला १२५ च्या दराने १९,५०० मिळायला हवेत, म्हणजे प्रत्येकीचे महिन्याला अडीच हजार रुपये तुमच्याकडे राहत आहेत.

अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयावरच्या कामासाठी. आजची दरी बरीचशी एकाच व्यवसायाच्या आत आहे आणि पहिल्या मुलानंतर ती वाढते, कारण अनेक नोकऱ्या सलग, अवेळी तास देणाऱ्याला तासांच्या प्रमाणाबाहेर पैसे देतात. याउलट औषधविक्रेत्यांचे उदाहरण त्या देतात : एकाचे काम दुसऱ्याला सहज हाती घेता येऊ लागले, तेव्हा कमी तास काम करणाऱ्याचा तासाचा दर पडेनासा झाला.

तुमच्या युनिटसाठी उपाय सोपा आहे. मूळ दर तासावर एक ठेवा. रात्रपाळी, उचल-ठेव, वाहन चालवणे यांचे भत्ते वेगळ्या ओळीत दाखवा आणि ते काम बाईने केले तर तिलाही द्या. रात्रपाळीबद्दल म्हणाल, तर जुन्या फॅक्टरी कायद्याने बायकांना संध्याकाळी ७ नंतर ठेवायलाच बंदी होती. आता त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर परवानगी आहे. न विचारताच ‘त्या येणार नाहीत’ असे धरू नका.

प्रश्न : मी जर्मनीत अभियंता आहे. इथे सहकाऱ्याचा पगार विचारणे असभ्य मानतात. मग कळणार कसे? (श्टुटगार्ट)

सहकाऱ्याला विचारायची गरज नाही, कंपनीला विचारा. २०१७ च्या वेतन पारदर्शकता कायद्याने २०० पेक्षा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत, समान काम करणाऱ्या पुरुषांच्या गटाचा मध्यक पगार (निम्म्यांचा त्याहून कमी, निम्म्यांचा जास्त) लेखी मागता येतो. त्या गटात किमान सहा जण हवेत. कंपनीत कामगार परिषद (कर्मचाऱ्यांनी निवडलेले मंडळ) असेल तर अर्ज साधारणपणे तिच्यामार्फत जातो. मूळ पगाराखेरीज आणखी दोन घटकांची माहिती मागता येते. बोनस हा त्यातला एक ठेवा, कारण फरक बहुधा तिथेच निघतो.

‘त्याने चांगली घासाघीस केली’ हे कारण जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२३ ला अमान्य केले. त्या खटल्यात बाईला मूळ पगार ३,५०० युरो आणि तेच काम करणाऱ्या पुरुषाला त्याने मागितल्यावर ४,५०० दिला होता. तिला फरकाची रक्कम मिळाली आणि वर २,००० युरो भरपाई. युरोपीय संघाच्या २०२३ च्या पारदर्शकता निर्देशात याच्याही पुढच्या तरतुदी आहेत : उमेदवाराला जुना पगार विचारायला बंदी, आणि पगाराचा पट्टा आधीच सांगण्याची सक्ती. सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत दिली आहे.

प्रश्न : क्रिकेटमध्ये तरी आता समानता आली ना? (सांगली)

सामन्याच्या मानधनात आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिला आणि पुरुषांना कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख असे एकच दर ठरवले. पण दर सारखा आणि सामने कमी, विशेषतः कसोट्या अगदी मोजक्या, म्हणून वर्षाची कमाई सारखी होत नाही. वार्षिक करारात तर त्या काळी पुरुषांची सर्वांत वरची श्रेणी ७ कोटींची होती आणि महिलांची ५० लाखांची. तुमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाला २०२३ च्या पहिल्या महिला लीग लिलावात सर्वाधिक ३.४० कोटी मिळाले. त्याच हंगामाच्या पुरुषांच्या लिलावात सर्वाधिक बोली १८.५० कोटींची होती.

प्रश्न : आई-वडील दोघे ऊसतोडीला जातात. उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) वडिलांच्या नावावर, हिशोबही त्यांच्याशीच. आईची मजुरी किती, हे कुणालाच सांगता येत नाही. (बीड जिल्हा)

इथे दरात फरकच दिसत नाही, कारण नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनामागे ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसात दोन टन तोडले, तर ७३२ रुपये होतात आणि त्यातले निम्मे, ३६६, तुमच्या आईचे. तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे, यातले तिच्याशिवाय काहीच पुरे होत नाही. खाडा (कामावर गैरहजेरी) झाला तरी दंड सगळ्या कोयत्याला बसतो. म्हणजे नुकसानीत ती अर्धी धरली जाते आणि पैशात तिचे नावच नसते. ही आमच्या मते सगळ्या पत्रांतली सर्वांत मोठी दरी आहे.

या हंगामाआधी करायच्या गोष्टी : आईचे स्वतंत्र बँक खाते उघडा आणि ते आधारला जोडा. ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगार म्हणून तिची वेगळी नोंदणी करून तिच्या नावाचे ओळखपत्र घ्या. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी ते लागते. मुकादमाकडून (मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल घेताना कागदावर दोघांची नावे आणि प्रत्येकाची रक्कम लिहून घ्या, आणि आईच्या वाट्याची रक्कम तिच्या खात्यात टाकायला सांगा. ज्याने काम केले त्याची मजुरी त्याच्या हातात किंवा त्याच्या खात्यात जावी, असाच कायदा आहे. मुकादम ‘दोन नावांची पद्धत नाही’ म्हणेल. तेव्हा वडिलांनी स्वतः सांगितले तर तो ऐकतो, म्हणून हे बोलणे आधी घरात व्हायला हवे. रोजच्या टनांची नोंद तुम्ही एका वहीत ठेवा आणि दर पंधरवड्याला मुकादमाच्या वहीशी पडताळा. हंगाम संपल्यावर टनांचा वाद काढला, तर कारखान्याच्या काटापावत्या तुमच्या हातात नसतात, म्हणून प्रत्येक खेपेच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी घ्या.